अभंग आत, गाणारे बाहेर: कुंभकोणम ते यूट्यूब

आषाढ लागला की व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. कांजीवरम नेसलेली तमिळ गायिका, शेजारी मृदंगम आणि व्हायोलिन, समोर शिस्तीत बसलेले रसिक, आणि गायिका गाते आहे आपला मराठी अभंग. खाली पाठवणाऱ्याचा मजकूर: बघा, दक्षिणेतले लोक आपला वारसा कसा जपतात, नाहीतर आपण! गायिका दर वर्षी वेगळी असते, मजकूर तोच असतो.

या अभिमानाशी माझं भांडण आहे. गायिकेच्या गळ्याशी अजिबात नाही, गाणं सुंदरच असतं. पण गाणं जेव्हा नुसतं ऐकायचं नसून बघायचंही असतं, तेव्हा चौकटीत कोण बसणार हे कुणीतरी ठरवतं. रेडिओवर आवाजाची जात झाकली जाते, व्हिडिओत ती दिसते किंवा मुद्दाम पुसली जाते. म्युझिक व्हिडिओचा इतिहास सांगताना लोक कॅमेरा, एडिटिंग, एमटीव्ही आणि यूट्यूब सांगतात. मला तो कुंभकोणमपासून सांगायचा आहे, कारण आपला अभंग तमिळ भूमीत जिथे रुजला आणि जिथून त्या व्हिडिओपर्यंत पोचला, तो हाच मुलूख.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी म्हणजे व्यंकोजी 1676 च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले. 1855 मध्ये कंपनी सरकारने ते राज्य खालसा केलं. मधल्या पावणेदोनशे वर्षांत कावेरीच्या खोऱ्यात मराठी मोडी आली, रामदासी मठ आले, कीर्तनकार आले, आणि त्यांच्याबरोबर साकी, दिंडी, ओवी, अभंग आले. कुंभकोणमपासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत तीन गावं आहेत. गोविंदपुरमला बोधेंद्र सरस्वतींची समाधी, तिरुविसनल्लूरला श्रीधर अय्यावाळांचा मठ, आणि मरुदानल्लूरला सद्गुरू स्वामींचा. दक्षिणेतल्या भजन संप्रदायाचे हे तीन मूळपुरुष मानले जातात. अनेक भाषांतली पदं एका क्रमात बांधून भजनाची जी पद्धत तिथे ठरली, तिच्यात मराठी अभंगालाही जागा मिळाली. गोविंदपुरमला तर आता विठ्ठल-रखुमाईचं भव्य देऊळ उभं आहे.

इथवर सगळं गोड आहे. आता विचारा, हे भजन व्हायचं कुठे? अग्रहारात. म्हणजे ब्राह्मणवस्तीत, दोन्ही बाजूंना ओसऱ्या असलेल्या त्या सरळ रस्त्यावर. त्या रस्त्यावरून अस्पृश्यांनी चालायचं नाही, हा त्या मुलखाचा नियम होता. सार्वजनिक रस्ते आणि विहिरी अस्पृश्यांना खुल्या कराव्यात यासाठी रेट्टमलै श्रीनिवासन यांना 1924 मध्ये मद्रासच्या कायदेमंडळात ठराव मांडावा लागला. हे तेच श्रीनिवासन, जे पुढे बाबासाहेबांच्या बरोबर गोलमेज परिषदेला गेले. तेव्हा हिशोब सरळ आहे: मंगळवेढ्याच्या चोखोबांचे शब्द अग्रहारात गायले गेले असते, तर चोखोबांच्या तमिळ भावंडांना ते ऐकायला त्या रस्त्यावर उभं राहता आलं नसतं. आपण ज्याला जपणूक म्हणतो तिची ही व्यवस्था होती.

तिरुविसनल्लूरची एक गोष्ट सांगतात. अय्यावाळांच्या घरी श्राद्ध होतं. ब्राह्मणांसाठी रांधलेलं अन्न त्यांनी दारात आलेल्या भुकेल्या अस्पृश्याला वाढलं. गावातल्या ब्राह्मणांनी बहिष्कार घातला आणि प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान करून यायला सांगितलं. अय्यावाळांनी गंगेची आळवणी केली, आणि घरच्या विहिरीतच गंगा उसळून वर आली. दर वर्षी तमिळ कार्तिक महिन्याच्या अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करायला आजही लोक रांगा लावतात.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. पैठणच्या एकनाथांविषयी आपण अगदी हीच ऐकत आलो आहोत. श्राद्धाचं अन्न महारांना वाढलं, ब्राह्मण रागावले, मग चमत्कार झाला. प्रभातने एकनाथांवर 1935 मध्ये चित्रपट काढला, दिग्दर्शक शांताराम आणि एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. नाव ठेवलं होतं 'महात्मा'. सेन्सॉरने हरकत घेतली म्हणून ते 'धर्मात्मा' झालं. दोन्ही गोष्टींत ब्राह्मण संताला नाव आहे, गाव आहे, समाधी आहे, उत्सव आहे. जेवणाऱ्याला नाव नाही. तो जेवला आणि गोष्टीतून निघून गेला. त्या विहिरीच्या पाण्याला त्याचा आणि त्याच्या वस्तीचा हात तेव्हा चालला असता का, हे तर गोष्ट विचारतही नाही.

नाव असलेला एक अस्पृश्य संत मात्र याच कावेरीच्या खोऱ्याने दिला: नंदनार. परैयर जातीचा शेतमजूर, चिदंबरमच्या नटराजाच्या दर्शनाची आस घेऊन जगलेला. बाबासाहेबांनी 1948 चा आपला अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ ज्या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला, ते तिघे म्हणजे नंदनार, रविदास आणि चोखामेळा. तमिळ नंदनार आणि मराठी चोखोबा एका पानावर आणायला बाबासाहेब लागले. अग्रहारातल्या भजनात अभंग आणि तमिळ पदं शेकडो वर्षं एका रात्रीत गायली जात होती, पण हे नातं तिथे कुणाला दिसलं नव्हतं.

नंदनारची कथा आज लोकांना माहीत आहे ती एकोणिसाव्या शतकातल्या गोपालकृष्ण भारतींच्या संगीत चरित्रामुळे. भारती ब्राह्मण होते, त्यांनी नंदनला छळणारा ब्राह्मण जमीनदार कथेत घातला. जुन्या पेरिय पुराणात तो नाही. हे त्यांचं धाडस मान्य करू. पण शेवट जुनाच राहिला: नंदन अग्नीतून गेल्याशिवाय मंदिरात जात नाही. चोखोबांवर मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळली, आणि त्यांची समाधी पंढरपूरला देवळाच्या पायरीपाशी झाली, दारात. ते दार त्यांच्या लोकांसाठी उघडायला 1947 साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. गाणं मात्र दोघांचंही त्याआधीच आत गेलेलं होतं.

तमिळ बोलपट आला आणि नंदनारचं गाणं पडद्यावर आलं. म्युझिक व्हिडिओचा भारतातला जन्म शोधायचा तर तो इथेच शोधावा लागेल, कारण आपल्याकडे गाण्याचं चित्रीकरण सिनेमाच्या पोटात वाढलं. सुरुवातीच्या बोलपटांत गोष्ट नावाला असायची, लोक गाणी बघायला जायचे. 1935 च्या 'नंदनार' चित्रपटासाठी के. बी. सुंदरांबाळ यांना एक लाख रुपये मिळाले, त्या काळात डोळे दिपवणारी रक्कम. नंदनारची भूमिका त्यांनी केली, आणि जमीनदार झाले कर्नाटक संगीतातले नामवंत महाराजपुरम विश्वनाथ अय्यर. 1942 मध्ये जेमिनीने पुन्हा 'नंदनार' काढला, तेव्हा एम. एम. दंडपाणी देशिकर नंदन झाले. गायक थोर, गाणी घरोघरी. फक्त परैयर माणूस परैयराच्या भूमिकेत दोन्ही वेळा नव्हता. हे कुणाला खटकल्याचं दिसत नाही.

त्याच्याही आधी, 1931 मध्ये, पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' आला. तो चित्रित झाला मुंबईत. नायिका टी. पी. राजलक्ष्मी तंजावर जिल्ह्यातल्या. त्यांचं कुरत्तीचं नृत्यगाणं त्या चित्रपटाबरोबर दाखवलं गेलं. कुरत्ती म्हणजे कुरवर या भटक्या जमातीची भविष्य सांगणारी बाई. तिच्यावरचा कुरवंजी हा नाट्यप्रकार तंजावरच्या दरबारात लाडका होता. आपल्या सरफोजीराजांनी तर मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' लिहिली आणि कुरत्तीच्या तोंडून पृथ्वीचा भूगोल वदवला. दरबारात कुरत्ती झाली देवदासी, पडद्यावर झाली नटी. खरी कुरवर बाई गावाबाहेरच्या पालावर होती, आणि तिच्या जमातीवर इंग्रजांनी गुन्हेगार असा शिक्का मारला होता. पुढे 'कुरवन-कुरत्ती' नाच जत्रांमधला अश्लील आयटम झाला, त्याचे व्हिडिओ फिरू लागले, आणि जमातीचं नाव शिवीसारखं झालं. कुरवर संघटना त्याविरुद्ध लढल्या, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. 2023 मध्ये तमिळनाडू सरकारने हा नाच लोककलांच्या यादीतून काढला. म्हणजे चौकटीत घेतात तेव्हाही कसं घेतात, तेही बघायला हवं. आपल्याकडे कोल्हाटी बाईच्या लावणीचं डीजेच्या रीलमध्ये जे झालं आहे, ते यापेक्षा फार वेगळं नाही.

आणि सुरुवातीच्या त्या कांजीवरमातल्या गायिकेचं काय? ती प्रतिमाही आकाशातून पडलेली नाही. एम. एस. सुब्बुलक्ष्मी मदुराईच्या देवदासी घरातल्या, आई षण्मुखवडिवू वीणावादक. 1945 च्या 'मीरा' चित्रपटाने, आणि 1947 च्या त्याच्या हिंदी आवृत्तीने, त्यांना देशभर संतगायिका केलं. देवदासींकडून गाणं आणि नाच काढून घेऊन त्याला सोवळं नेसवण्याचा तोच काळ. देवदासी प्रथेविरुद्ध मूवलूर रामामिर्तम अम्मैयार यांच्यासारख्या त्याच समाजातल्या बाया लढल्या, 1947 मध्ये मद्रासचा कायदा झाला. प्रथा गेली हे उत्तमच झालं. पण कला ज्यांच्या हातात गेली ते हात दुसरेच होते. एम. एस. टिकल्या, कारण त्यांची पडद्यावरची आणि मंचावरची प्रतिमा ब्राह्मण घरातल्या सुवासिनीची झाली. आज अभंगाच्या प्रत्येक व्हिडिओत तीच प्रतिमा आहे. पदर, कुंकू, मिटलेले डोळे. सोयराबाई, चोखोबांची पत्नी, तिचा रंगांचा तो अभंग किशोरी आमोणकरांच्या आवाजात सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तो सोयराबाईंचा आहे हे किती जणांना ठाऊक आहे, ते आपल्या घरात विचारून बघा.

हे फक्त आपल्या देशाचं पाप नाही. अमेरिकेत एमजीएमने लेना हॉर्न या काळ्या गायिकेची गाणी चित्रपटात अशी बसवली, की दक्षिणेतल्या गोऱ्या थिएटरांत ती कात्रीने सहज उडवता यावीत आणि गोष्टीला धक्का लागू नये. 1 ऑगस्ट 1981 ला एमटीव्ही सुरू झालं. दिवसरात्र नुसती गाण्यांची चित्रफीत दाखवणारं चॅनेल. अमेरिकेचं रॉक संगीत काळ्यांच्या ब्लूजमधून जन्मलेलं, पण चॅनेलवर काळे चेहरे औषधालाही नाहीत. 1983 मध्ये डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने एमटीव्हीच्याच निवेदकाला मुलाखतीत तोंडावर विचारलं, काळे कलाकार इतके कमी का? निवेदक लहान गावांतल्या प्रेक्षकांचं कारण देत राहिला. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनचं 'बिली जीन' लागलं आणि बांध फुटला. तो फुटला तोही धंद्यापुढे इलाज उरला नाही म्हणून.

आपल्याकडे नव्वदीत केबल आली, चॅनेल व्ही आणि एमटीव्ही आले, इंडीपॉप आलं. त्यातले चेहरे कोणत्या सोसायट्यांतले होते ते सांगायला नको. पण तेव्हा महाराष्ट्रात एक दुसरी गोष्ट चालू होती, जिची नोंद म्युझिक व्हिडिओच्या कुठल्या इतिहासात मला सापडत नाही. भीमगीतांच्या कॅसेटी आणि पुढे व्हीसीडी. दादर, नागपूर, भीमा कोरेगाव इथल्या फुटपाथवर त्या विकल्या जात. शिंदे घराण्याचे आवाज, वामनदादांचे शब्द, निळे झेंडे, दीक्षाभूमीचा स्तूप, भाड्याने आणलेला कॅमेरा. तंत्र कच्चं होतं. पण चौकट कुणी ठरवायची हे तिथे विकत घेणाऱ्याने आणि गाणाऱ्याने ठरवलं होतं. आणि गंमत बघा, प्रल्हाद शिंदेंनी विठ्ठलाचीही गाणी गायली, ती आजही देवळांच्या भोंग्यावर लागतात. त्याच माणसाची भीमगीतं त्या भोंग्यावर लागत नाहीत. मे 2015 मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाला फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून मारून टाकलं. ज्यांना हे सगळं संगीताच्या आवडीनिवडीचं प्रकरण वाटतं, त्यांनी ही एक घटना लक्षात ठेवावी.

आता पुन्हा तमिळ मुलखात जाऊ, कारण या गोष्टीचा सगळ्यात ठळक अध्याय तिथे घडला.

कावेरीच्या भातखाचरांतलं वाद्य म्हणजे परै. गोल चौकटीवर चामडं ताणलेलं, आपल्या हलगीचं भावंड. परैयर हे जातीचं नाव त्यावरून आलं, आणि इंग्रजीने त्याच नावावरून बहिष्कृताला शब्द तयार केला. आपल्या हलगीसारखंच परै वाजवायचं ते गावाच्या हुकुमाने, मेलेल्याच्या पुढे, दवंडीला. बाया रडतात ती ओप्पारी, मृत्यूची विलापगीतं. याच जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात 25 डिसेंबर 1968 च्या रात्री मजुरी वाढवून मागणाऱ्या दलितांपैकी 44 जणांना, त्यात बहुतेक बाया आणि मुलं, एका झोपडीत कोंडून जाळलं. अग्नीतून जाणारा नंदनार ही त्या मुलखात निव्वळ पुराणकथा नाही.

2018 च्या जानेवारीत चेन्नईत पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने आणि संगीतकार टेन्मा यांनी 'कास्टलेस कलेक्टिव्ह' मंचावर आणलं. गाना, रॅप, परै, ओप्पारी एकत्र. त्यातला एक तरुण कवी-रॅपर अरक्कोणमचा अरिवू. 7 मार्च 2021 ला त्याचं 'एन्जॉय एन्जामी' यूट्यूबवर आलं. आजी वळ्ळियम्माळ सिलोनच्या चहामळ्यात राबून परतली आणि इथे भूमिहीन राहिली, तिच्या बोलण्यातून आणि ओप्पारीतून ते गाणं उगवलं. श्रेयनामावलीत लिहिलं होतं: गायिका धी, सोबत अरिवू. निर्मिती संतोष नारायणन यांची, दिग्दर्शन अमित कृष्णन यांचं, कंपनी माज्जा. 40 कोटींवर वेळा ते बघितलं गेलं. त्या व्हिडिओत अरिवू ठसठशीत दिसतो. म्हणजे चौकटीत जागा मिळाली म्हणायची.

पण चौकट पडद्यापुरती नसते. ऑगस्ट 2021 मध्ये रोलिंग स्टोन मासिकाच्या भारतीय आवृत्तीने मुखपृष्ठ छापलं. या गाण्याचं कौतुक त्यात होतं, फोटोत धी होती आणि दुसऱ्या एका गाण्याचा गायक होता. अरिवू नव्हता. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला याच गाण्याच्या रिमिक्सची जाहिरात झळकली, त्यातही तो नव्हता. पा. रंजित जाहीरपणे बोलले, आरडाओरडा झाला, मग मासिकाने अरिवूचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. आधी विसरायचं आणि ओरडल्यावर वेगळ्या पंगतीत वाढायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. पुढे 28 जुलै 2022 ला चेन्नईत बुद्धिबळ ऑलिंपियाडचं उद्घाटन झालं. मंचावर ते गाणं झालं, धी आणि लोकगायिका किडाकुळी मारियम्माळ यांनी गायलं. अरिवू नव्हता. त्यानंतर त्याने लिहिलं की हे गाणं रचलं, लिहिलं, गायलं ते मी, कुणी मला चाल किंवा ओळ हातात दिली नाही. संतोष नारायणन यांनी उत्तर दिलं की गाणं तिघांच्या सहभागातून झालं आहे, अरिवूला बोलावलं होतं, तो तेव्हा अमेरिकेत होता. धीनेही सांगितलं की तिने त्याचं श्रेय कधी नाकारलेलं नाही.

स्टुडिओत कोणती ओळ कुणाला आधी सुचली याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. तिघांनाही आपापल्या जागी खरं वाटत असेल. माझा प्रश्न वेगळा आहे. तीनदा चौकट आखली गेली, मुखपृष्ठावर, फलकावर, मंचावर, तर तिन्ही वेळा बाहेर राहणारा माणूस तोच कसा? त्यामागे कुणाचा कट असायची गरजही नाही. फोटो संपादकाला 'जगभर पोचणारा चेहरा' कसा असतो याची जी कल्पना आहे, ती आपोआप काम करते. ती कल्पना जिथे शिकवली जाते त्या शाळेचं नाव जात. ज्या गाण्याचा विषयच जमीन कुणी कसली आणि मालकी कुणाची झाली हा आहे, त्या गाण्याच्या बाबतीत हे घडावं यापेक्षा कडू काय असणार?

पैशाचं तर विचारूच नका. मार्च 2024 मध्ये संतोष नारायणन यांनीच व्हिडिओ करून सांगितलं की या गाण्याच्या कमाईतून आम्हा तिघांना एक रुपयाही मिळालेला नाही. कंपनीचं म्हणणं वेगळं होतं. ते काहीही असो, कोट्यवधी वेळा वाजलेल्या ओप्पारीचे पैसे ओप्पारी रडणाऱ्या बायांच्या वस्तीत पोचले, असं म्हणणारं या वादात कुणीच नव्हतं.

त्याच मार्च 2024 मध्ये चेन्नईत दुसरा वाद पेटला. मद्रास म्युझिक अकादमीने टी. एम. कृष्णा यांना संगीत कलानिधी पुरस्कार जाहीर केला. रंजनी आणि गायत्री या भगिनींनी अकादमीच्या वार्षिक परिषदेतून माघार घेतली. त्यांच्या आक्षेपात एक प्रमुख मुद्दा होता की कृष्णा पेरियार यांचा गौरव करतात. या दोघी मुंबईत वाढलेल्या, आणि महाराष्ट्रात त्यांची ओळख आहे ती अभंगगायनासाठी. आषाढीला फिरणाऱ्या व्हिडिओंत त्यांचेही व्हिडिओ असतात. माघार घेण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, कुठे गावं हे कलावंताने ठरवावं. पण आपण मराठी माणसांनी यातून काही समजून घ्यायचं की नाही? संतांची वेदना रागात बांधली, मैफलीच्या शेवटी सादर केली, की ती चालते. तीच वेदना पेरियार नावाच्या माणसाने सरळ शब्दांत मांडली, मंदिरं आणि रस्ते खुले करा म्हणून रस्त्यावर आणली, की ती असह्य होते. तुकोबांची गाथा बुडवली तेव्हाही तक्रार हीच होती, फक्त तिथे चाल लावलेली होती.

कृष्णांच्या बाजूने टाळ्या वाजवतानाही थोडं थांबावं लागतं. त्यांचा 'चेन्नई पोरंबोक्कु पाडल' हा 2017 चा व्हिडिओ एण्णूर खाडीच्या राखेत उभा राहून चित्रित केलेला, चांगला आणि हिमतीचा. गाणं लिहिलं कबेर वासुकी यांनी. चर्चेत नाव राहिलं कृष्णांचं. आणि अकादमीचा सगळा वाद दोन्ही बाजूंनी ब्राह्मण कलावंतांचा होता, परै वाजवणाऱ्याला त्यात कुणी मत विचारलं नाही. मदुराईचे परैवादक वेलू आसान यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा मराठीत कुठे व्हिडिओ फिरलेला मी पाहिला नाही.

मग करायचं काय? अभंग गाऊ नका असं कुणी म्हणत नाही. चोखोबा-सोयराबाई सगळ्यांचे आहेत, हे आम्हीच सांगत आलो आहोत. पण नाव लिहा. व्हिडिओच्या खाली गायिकेचं, तबलजीचं, साडी देणाऱ्या दुकानाचंसुद्धा नाव असतं, तिथे संत सोयराबाई, मंगळवेढा, एवढे शब्द मावतील. कर्ममेळा, निर्मळा, बंका यांचे अभंग निवडा, विशेषतः देवालाच जाब विचारणारे कर्ममेळ्याचे. ते मैफलीत का येत नाहीत, हे विचारलं की गायक सुरावटीची कारणं देतात. एमटीव्हीचा निवेदकही अशीच कारणं देत होता.

दुसरं काम कायद्याचं आहे आणि ते आपल्या पोरांनी शिकायला हवं. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कुणालाही लिहून देता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करारावर सही घेणारे हे सांगत नाहीत. पाच हजार रुपये हातात टेकवून भीमगीताचे सगळे हक्क घेणाऱ्या कंपन्यांच्या कागदावर आजही आपले शाहीर सह्या करतात. शाहिराने सोसायटीचं सभासद व्हावं, गाणं नोंदवावं, अपलोड करणाऱ्या चॅनेलला नाव लावायला भाग पाडावं. ओप्पारी, हलगीचे ठेके, जात्यावरच्या ओव्या अशा सामूहिक रचनांना मात्र कायद्यात मालकच नाही. कुणीही उचलाव्यात, वर आपलं नाव घालावं. यासाठी कायदा मागावा लागेल, आणि तो मागण्यासाठी अरिवूला आणि आपल्या शाहिरांना एका मंचावर बसावं लागेल.

वामनदादांनी हजारो गाणी लिहिली. यूट्यूबवर त्यांतलं कुठलंही एक उघडा आणि खालचा मजकूर वाचा. गायकाचं नाव असेल, कंपनीचं असेल, बेल दाबा म्हणून विनंती असेल. वामनदादांचं नाव नसेल, तर प्रतिक्रियेच्या रकान्यात ते लिहून या. 14 एप्रिलच्या आधी एवढं तरी होऊ शकतं.